नातवंडाचं तोंड पाहिल्यावर

नातवाचं तोंड पाहिलं की डोळे मिटायला मोकळे, असं मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं जातं. बोलणाऱ्याला मरायची घाई असते असं नाही. संसाराचा हिशेब पुरा झाला, आता जीव कशात अडकलेला नाही, एवढंच त्याला सांगायचं असतं. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी हीच गोष्ट नियमाच्या रूपात येते. अंगावर सुरकुत्या आल्या, केस पिकले आणि मुलाचं मूल दिसलं, की गृहस्थानं वनाची वाट धरावी. (महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळला गेला तो हाच ग्रंथ. इथं तो काही शिरसावंद्य म्हणून घेतलेला नाही. जुनी माणसं आयुष्याचा आराखडा कसा आखत होती, हे कळायला तो उपयोगी पडतो, इतकंच.) थोडक्यात, नातवंड ही निघायची खूण.

पण हीच खूण उलटी फिरली तर? निघायचं राहिलं बाजूला आणि नातवंडापायीच थांबावं लागलं, साठी उलटल्यावर पुन्हा डबा, दप्तर, फाटलेला गणवेश आणि सहामाहीचे मार्क यांत जीव घालावा लागला, तर त्या म्हाताऱ्या माणसाला काय म्हणायचं? मोहात गुंतलेला, की धर्म पाळणारा? आणि ज्याच्यासाठी तो थांबला, त्या पंधरा वर्षांच्या पोराच्या नावावर हे कुठलं ऋण मांडायचं?

प्रश्न पुस्तकी वाटेल. बीड जिल्ह्यात मात्र तो दरवर्षी दिवाळीच्या सुमारास गावोगाव उभा राहतो.

दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातलं पाथर्डी या तालुक्यांतली कित्येक गावं ओस पडू लागतात. ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. टोळीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. असे कोयते ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भरून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरकडे निघतात, काही थेट कर्नाटकात जातात. फडाजवळ कोप्या पडतात, पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते. हंगाम आटोपून माणसं घरी येतात ती मार्च-एप्रिलमध्ये. तान्ही लेकरं आईबरोबर जातात. त्यांना सांभाळायला कधी दहा-बारा वर्षांची बहीणही जाते. शाळेत रुळलेली मुलं मागं ठेवायची, तर ठेवायची कोणाकडे? ज्याला आता कोयता पेलवत नाही असा आजा आणि आयुष्यभर मोळ्या वाहून जिची कंबर गेली अशी आजी, यांच्याकडे. पाच-सहा महिने गावात उरतात ती पिकलेली पानं आणि कोवळी पानं. मधली फांदी ऊसतोडीला गेलेली.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. जे मूल स्थलांतर करतं त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. जे मागं राहतं त्याच्यासाठी हंगामी वसतिगृह आहे. नाव वसतिगृह असलं, तरी कित्येक ठिकाणी मुलं शाळेत दोन वेळ जेवतात आणि झोपायला आजीच्या घरी जातात. पण शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतच हात धरतो. नेमकं जिथून पोराला मिसरूड फुटतं आणि पोरीवर गावाच्या नजरा जायला लागतात, तिथं तो हात सुटतो. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, तेव्हा तोड अजून चालूच असते. परीक्षा केंद्राबाहेर झाडाखाली, लेकराचा पेपर सुटेपर्यंत बसून राहिलेलं पागोटं दिसलं तर ते बहुधा आज्याचं.

अशा शाळांतल्या पालक सभेचं चित्र साधारण ठरलेलं असतं. शेवटच्या बाकावर आजी पदर सावरून बसलेली. सर म्हणतात, नातू गणितात कच्चा आहे, घरी अभ्यास घेता का? ती म्हणते, व्हय. मोबाईल फार बघतो का? व्हय. पुढच्या वर्षी दहावी आहे, लक्ष द्यायला हवं. व्हय. शेवटी ती आपलं एकच वाक्य टाकते, "मारा की सर त्याला, तुमीच मायबाप." वर्गात हशा पिकतो. दारात उभ्या असलेल्या नातवाच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. त्याला आजीची लाज वाटते आणि लाज वाटली म्हणून स्वतःचीही चीड येते. तेरा-चौदाव्या वर्षी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सोसायच्या असतात. हजेरीपटावर त्यासाठी वेगळी खूण नाही.

मग कागदपत्रं. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन. आधारला जोडलेला नंबर वडिलांचा, ओटीपी त्यांच्या फोनवर जातो आणि फोन फडात, बहुतेक वेळा चार्जिंग संपलेला. आता प्रत्येक विद्यार्थ्याला 'अपार' क्रमांक काढायचा, त्याला पालकाचं संमतिपत्र हवं. अभ्यास, नोटिसा, सुट्ट्यांच्या सूचना सगळं शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि त्या ग्रुपवर नंबर पुन्हा बापाचाच. पोरगं शाळेत हजर, पण शाळेचं सगळं बोलणं तीनशे किलोमीटरवरच्या माणसाशी चाललेलं. शाळेत जुळवून घ्यायचं म्हणजे मित्र जोडायचे, शिस्त पाळायची, असं आपण समजतो. या मुलांना त्याआधी आपल्याला पालक आहे हे सिद्ध करावं लागतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गृहस्थाश्रम दुसऱ्यांदा पत्करणारी ही माणसं शास्त्राच्या नजरेत कुठं बसतात? आश्रमव्यवस्थेचं गणित साधं होतं, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. म्हातारा निघतो तेव्हा किल्ल्या घ्यायला कर्ता मुलगा दारात उभा असतो. मुलगाच नसेल, असून हजर नसेल, किंवा पोट भरायला सहा महिने परमुलखात असेल, तर काय करायचं यावर ते गणित गप्प आहे. ते ज्यांच्यासाठी मांडलं त्यांना वन आणि घर असे दोन रस्ते होते. वडवणीच्या आजीला ते कधीच नव्हते.

म्हणूनच तिच्या कष्टाला निष्काम कर्म म्हणण्याचा मोह आवरायला हवा. मोह होतो खरा. कारण फळाची आशा सोडून केलेल्या कामाचं यापेक्षा चोख उदाहरण सापडणं कठीण. नातू कमावता होईपर्यंत आपण असू की नाही, हे आजीला कळतं. आईबापांना निदान म्हातारपणची काठी हवी असते. आजीच्या हातात आजच काठी आहे, उद्याच्या काठीचा हिशेब ती करत नाही. तरीही गीता अर्जुनाला सांगावी लागली ती रथ फिरवून निघून जायची मोकळीक त्याला होती म्हणूनच. ज्याला निघून जाताच येत नाही, त्याच्या थांबण्याला वैराग्याचं किंवा त्यागाचं नाव देणं ही सुखवस्तू माणसांची सोय झाली. कीर्तनात अशा आजीचं उदाहरण देऊन टाळ्या घेणाऱ्यांनी तिला कोयत्याचा भाव विचारून पाहावा.

मोह हा शब्दही तिला लागू पडत नाही. नातवंड म्हणजे दुधावरची साय, तिला जपण्यात सुखच असतं, असं आपण म्हणतो. पण सायीचं ते कौतुक दूध घरात असतानाचं. आईबाप घरात आहेत, रागावतात तेच, फी भरतात तेच, आणि आजी मागच्या दाराने लाडू देते, हे लाडाचं आजीपण. जिला एकटीला वाढवायचं आहे, तिला लाड परवडत नाहीत. तिला रागवावंही लागतं, आणि ते ती जुन्या पद्धतीनं करते. संध्याकाळी सातच्या आत घरात. ट्यूशन कशाला, शाळा आहे ना? सहलीला पैसे मागितले तर, आम्ही कुठं गेलो होतो सहलीला? पोराचं वय असं, की त्याला बंड करायचं असतं. पण ज्याच्याशी बंड करायचं ते माणूस इतकं थकलेलं असतं, की आवाज चढवला तरी पोराला अपराधी वाटतं. भिंतीवर धडका मारायच्या वयात त्याच्या वाट्याला कुडाची भिंत आलेली असते.

शास्त्र वनात जायला सांगतं, पण निसर्गाचं म्हणणं वेगळं असावं, असं सुचवणारा एक अभ्यास आहे. टांझानियात हाडझा नावाची कंदमुळं खणून आणि शिकार करून जगणारी जमात आहे. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यात राहून बायकांचं काम मोजलं. मूल होण्याचं वय कधीच उलटलेल्या म्हाताऱ्या तरण्या बायकांइतकंच, कधी जास्तच खणत होत्या. आणि आई तान्ह्यात गुंतली की मधल्या लेकराचं वजन आजीच्या कंदांवर टिकत होतं. पाळी गेल्यावरही माणसाची मादी दशकानुदशकं का जगते, या कोड्याचं एक उत्तर त्यातून पुढं आलं. ती नातवंडांसाठी जगते. या मांडणीवर वाद आहेत, सगळे शास्त्रज्ञ ती मानत नाहीत. पण ती खरी असेल, तर नातवंड दिसताच वनात जाणारी आजी माणसाच्या इतिहासात उशिरा आलेली, आणि तीही फक्त कागदावर.

आपल्याकडे आजी-आजोबांनी वाढवलेल्या किशोराची सर्वांत प्रसिद्ध कथा पैठणची आहे, हे सहसा कोणी अशा अंगानं पाहत नाही. संत एकनाथांचे आई-वडील, रुक्मिणी आणि सूर्यनारायण, त्यांच्या लहानपणीच गेले. त्यांना वाढवलं आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी. चक्रपाणी हे भानुदासांचे चिरंजीव. विजयनगरहून विठ्ठलाची मूर्ती पंढरपूरला परत आणली असं ज्यांच्याबद्दल परंपरा सांगते, तेच भानुदास. तर म्हातारपणी मुलगा आणि सून गमावलेलं एक जोडपं, आणि त्यांच्या हाताशी एकुलता नातू. बुद्धीनं तल्लख. गावच्या पंडितांकडून मिळेल ते शिकलेला, आणि त्याच्या प्रश्नांना गावात उत्तरं न उरलेली. बाराव्या वर्षाच्या सुमारास एके रात्री तो कोणाला न सांगता घरातून निघाला आणि साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या देवगिरीला जनार्दनस्वामींकडे जाऊन पोहोचला. स्वामी देवगिरीचे किल्लेदार. राजकारण, हिशेब आणि परमार्थ असं तिन्ही सांभाळणारा गुरू.

पुढची गोष्ट मराठी घरांत पाठ असते. हिशेबात एका पैची चूक सापडेना. एकनाथ रात्रभर दिव्याच्या उजेडात वह्या चाळत बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. गुरूंनी ते पाहिलं आणि शिष्याची योग्यता ओळखली. कुठल्याही शाळेत लावावी अशी ही एकाग्रतेची गोष्ट. चरित्रकार तिच्यावर रमतात. त्या रात्री पैठणला काय चाललं होतं, यावर ते फार थांबत नाहीत. ज्या घरातून आधीच दोन माणसं गेली, तिथलं उरलेलं एकुलतं लेकरूही सकाळी अंथरुणात नाही. आजीनं विहिरी पाहिल्या असतील, गोदावरीचे घाट पाहिले असतील. हे अर्थात आपण म्हणायचं, पोथीत नाही.

मात्र परंपरेनं या कथेला जोडलेला शेवट असा आहे, की त्यात आजोबांची बाजू नकळत राखली गेली. नातवाचा ठावठिकाणा लागल्यावर चक्रपाणी देवगिरीला गेले, तोवर एकनाथ तीर्थयात्रेला निघाले होते. जनार्दनस्वामींनी आजोबांच्या हाती एक पत्र दिलं. हे पत्र जिथं मिळेल तिथंच थांबावं, संसार करावा, असा त्याचा मथितार्थ. यात्रेहून परतलेले एकनाथ पैठणच्या वेशीवरच राहत होते, घरी जात नव्हते. आजोबांनी त्यांना तिथं गाठलं, पत्र पुढं केलं, आणि एकनाथ जिथं उभे होते तिथंच राहिले. नाथांचं घर तिथं झालं, म्हणतात.

या प्रसंगात बारकावा आहे. आजोबा नातवाला हात धरून घरी नेऊ शकले असते, पण त्यांना गुरूचं पत्र आणावं लागलं. आपल्या शब्दानं तो थांबेल याची खात्री त्यांना नव्हती. आणि गुरूनं, ज्याच्याकडे शिष्य घर सोडून आला होता त्यानंच, त्याला घरी पाठवलं. विद्या पुरी झाली याचा अर्थ ज्यांना न सांगता आलास त्यांच्याकडे परत जा, असा स्वामींनी लावला. तैत्तिरीय संहितेत जन्मतःच माथी असलेली तीन ऋणं सांगितली आहेत. ऋषींचं अध्ययनानं फिटतं, देवांचं यज्ञानं, पितरांचं संततीनं. जिवंत आजोबांचं चौथं ऋण तिथं नाही. जनार्दनस्वामींनी ते पत्रात घातलं, असं म्हणायला हरकत नसावी. पुढं नाथांच्या मुलीचा मुलगा, मुक्तेश्वर, मराठी महाभारताचा कवी झाला. आजोबांच्या हाताखाली घडलेल्या माणसाचा हा नातू.

एकनाथांच्या वाट्याला एक अडचण आली नाही. तू कोणाचा, हे त्यांना कोणी विचारलं नाही. भानुदासांचा पणतू म्हटल्यावर सगळी दारं उघडी. हा प्रश्न ज्यांना विचारला गेला त्यांची रांग वेगळी आहे, आणि ती छांदोग्य उपनिषदापासून सुरू होते. सत्यकाम गुरुकुलात जायला निघतो, तेव्हा आईला विचारतो, माझं गोत्र काय? ती सांगते, तरुणपणी अनेक ठिकाणी कामं करत फिरले, मला माहीत नाही. मी जबाला, तू सत्यकाम, तेवढंच सांग. हारिद्रुमत गौतमांपुढे तो तेवढंच सांगतो, आणि खरं बोलला म्हणून ते त्याला शाळेत घेतात. मग चारशे रोडक्या गाई देऊन रानात धाडतात, आणि त्या हजार झाल्याशिवाय परतणार नाही असं म्हणून पोरगा निघतो. महाभारतात हाच प्रश्न कृपाचार्य भर रंगभूमीवर कर्णाला विचारतात, तिथं उत्तर वेगळं मिळतं. भीष्मपितामहांनी नातवंडांसाठी द्रोणांसारखा गुरू नेमलेला असतो, आणि दाराशी आलेल्या मुलाला कुळ विचारून मान खाली घालायला लावलं जातं. गौतमांचा वारसा आपण तोंडानं सांगतो. शाळेच्या कचेरीत चालला तो कृपाचार्यांचा.

शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' १९८४ मध्ये आलं. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचं पोर. आई दलित, बाप सवर्ण, आणि बापाचं नाव लावायला बापच राजी नाही. त्याला वाढवलं आजीनं, संतामायनं. आणि तिच्यासोबत राहणाऱ्या, स्टँडवर हमाली करणाऱ्या महमूद दस्तगीर जमादार या मुसलमान माणसानं. पोर त्याला दादा म्हणे. शिष्यवृत्तीसारख्या कागदावर सही हवी झाली की जात कोणती, बाप कोण, राहणार कुठला, हे सगळे प्रश्न एकदम अंगावर येत. ज्यानं आपल्या हमालीच्या पैशातून घास भरवला त्याचा ना धर्म एक, ना जात एक, ना रक्त एक. अर्जावरच्या कुठल्याच रकान्यात तो बसणारा नव्हता. संगोपन जन्माहून मोठं की जन्म संगोपनाहून, यावर मराठीत बरंच प्रवचन झालं आहे, यशोदा-देवकीच्या निमित्तानं तर वारेमाप. पण यशोदेला कृष्णाचा शाळेचा दाखला काढावा लागला नव्हता.

कायद्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून बाप, आणि त्याच्यानंतर आई. बाप हयात असतानाही आई पालक असू शकते, हे स्पष्ट व्हायला १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. मुलाच्या नावात आईचं नाव सक्तीनं यायला महाराष्ट्रात १ मे २०२४ उजाडला, तेही त्या दिवसापासून जन्मणाऱ्यांसाठी. आजी-आजोबा या नैसर्गिक यादीत नाहीतच. त्यांना पालक व्हायचं तर १८९० च्या कायद्याखाली कोर्टात अर्ज करावा लागतो. आणि आता २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा पाहा. त्यात 'मुलं' या शब्दाच्या व्याख्येत सज्ञान नातू आणि नातही येतात. आजोबांची उपासमार होत असेल तर ते नातवाकडून खर्ची मागू शकतात. म्हणजे नातू आजोबांचं देणं लागतो हे कायद्याला मान्य आहे, पण ते देणं ज्या वर्षांत झालं, त्या वर्षांत आजोबांना सही करायचा हक्क आपसूक नाही. सावकारानं सुद्धा असा व्यवहार केला नसता.

धर्मशास्त्रात निदान एक दिवस असा आहे, की जिथं मधली पिढी ओलांडून हिशेब होतो. आश्विन शुद्ध प्रतिपदा. घराघरांत घट बसतात त्याच दिवशी मुलीचा मुलगा आपल्या आईच्या वडिलांचं श्राद्ध करतो. एरवी श्राद्धाचा अधिकार बाप असेपर्यंत मुलाकडे येत नाही. इथं मात्र बाप हयात असलेला नातूच पुढं बसतो. मराठीत या दिवसाला आजेपाडवा म्हणतात. परंपरेनं केलेली ही सोय लोभस आहे, पण ती आईच्या वडिलांपुरती, आणि तीही ते गेल्यावर. भाकऱ्या थापणाऱ्या आजीला स्वतंत्र दिवस नाही.

आणि तो ऋणको, म्हणजे ते पोरगं? त्याचं ऋण इतरांसारखं पुढं ढकलता येत नाही. बाकीची मुलं शिकून, नोकरीला लागून, मग आईवडिलांचं पाहतात. याला सातवी-आठवीतच फेड सुरू करावी लागते. बीपीच्या गोळीची पट्टी वाचायची, सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती ते सांगायचं. बँकेत अंगठा उठत नाही म्हणून आजीचं बोट पुसून पुन्हा यंत्रावर ठेवायचं. निराधार योजनेचे पैसे आले का, हे मेसेजमध्ये बघायचं. रात्री आजोबांचा खोकला थांबला की जागं होऊन बघायचं, थांबला का म्हणून. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला हे पोरगं पेंगतं आणि बाई म्हणतात, रात्री मोबाईल बघत होतास ना? घरात तो कर्ता पुरुष, शाळेत तो बेशिस्त विद्यार्थी. एका दिवसात दोनदा वय बदलायचं, हेच त्याचं जुळवून घेणं. ते त्याला साधतंही. अशा मुलांच्या भाषेत वर्गातल्या कोणाकडे नसतील इतक्या म्हणी असतात, माणूस ओळखायची नजर असते, दुकानदाराशी बोलायचा धीर असतो. आठवीच्या घटक चाचणीत त्याला गुण नाहीत, एवढंच.

मुलींचं दुखणं निराळं. वयात आलेली नात म्हाताऱ्यांच्या भरवशावर सहा महिने ठेवायला आईबाप धजत नाहीत, म्हातारेही जबाबदारी घ्यायला कचरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा बावीसच्या आसपास आहे. लग्न लावलं की एक नवा कोयता तयार होतो, हेही खरं. आजी इथं नातीला वाचवतेही आणि अडकवतेही. 'एकदा उजवून टाका, माझा जीव मोकळा होईल', हे म्हणणारी तीच असते. नातवाचं तोंड पाहून मोकळं व्हायचं, नातीला उजवून मोकळं व्हायचं. मोकळं होण्याची किंमत दोन्हीकडे सारखी नाही.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची कल्पना. गुलाबी साड्या नेसलेल्या, साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका पाटी-दप्तर घेऊन शाळेत आल्या, घरी नातवंडं त्यांचा अभ्यास घेऊ लागली. त्या शाळेचे फोटो जगभर गेले आणि बहुतेकांनी ते गोड म्हणून पाहिले. गोड आहेतच. पण त्यातली कामाची गोष्ट अशी, की त्या बायका स्वतःचं नाव लिहायला शिकल्या. ज्या पालक सभेला आजीच येते, तिथं अंगठा आणि सही यांत किती अंतर असतं, ते नातवालाच विचारावं. ऊसतोडीच्या पट्ट्यात अशी शाळा काढली तर तिचा उपयोग आजीपेक्षा नातवाला जास्त होईल.

सरकारनं २०२१ मध्ये वेगळा मार्ग धरला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी. योजना हवीच होती. मुलीच्या बाबतीत तर आजीच्या घरापेक्षा वसतिगृहाचा दरवाजा केव्हाही बरा, तिचं लग्न निदान दोन-चार वर्षं लांबतं. दिवा असतो, जेवण वेळेवर असतं, अभ्यासाला जागा असते. आजी आणि आजोबाही दुसऱ्या संसारातून सुटतात. फक्त गोळ्यांच्या पट्ट्या कोणी वाचायच्या, बँकेत बोट कोणी पुसायचं आणि रात्री खोकला थांबला तर उठून कोणी बघायचं, हे काम त्या घरात कोणी करत होतं याची नोंद योजना आखणाऱ्यांनी घेतलेली नाही. मुलगा-सून एप्रिलमध्ये येतील. नोव्हेंबर ते एप्रिल त्या घरात आता दोनच माणसं असतात, दोन्ही सत्तरीची.